'नर्व्ह': एका दोरीची गोष्ट

गेल्या वेळी 'मन' या शब्दावर बोलून झाल्यावर एका श्रोत्यांनी मला जिन्यातच गाठले. म्हणाले, "सर, मन झालं, आता शरीराकडे कधी येणार?" तर आज येतो आहे. पण शरीरातला एकच शब्द घेणार आहे, आणि तोही इंग्रजी. 'नर्व्ह'.

इंग्रजी म्हणायचे, पण तो आता आपल्या घरात इतका वावरतो की परका वाटत नाही. मानेतली नर्व्ह दबते, दाताची नर्व्ह दुखते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नातू नर्व्हस होतो. ज्यांनी आयुष्यात इंग्रजी पुस्तक उघडले नाही अशा आजीबाईही हे तिन्ही वापरतात. आता यात एक विचित्र गोष्ट बघा. इंग्रजीत एखाद्या माणसात 'नर्व्ह' आहे म्हटले तर तो धीट ठरतो. संकटात डोके थंड ठेवणारा, पाय रोवून उभा राहणारा. आणि तोच माणूस 'नर्व्हस' आहे म्हटले तर तो घाबरट ठरतो. शब्द एकच, नुसते शेपूट जोडले, आणि शूर माणूस भित्रा झाला! 'बळ' पासून 'बळकट' होते, 'बळकट' म्हणजे दुबळा असे कधी होत नाही. मग इथे असे का झाले? आजच्या बोलण्याचा धागा हाच आहे. धागा हा शब्द मी मुद्दाम वापरला, ते पुढे कळेल.

हा शब्द निवडण्यामागे घरचे एक कारण आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मोकळेपणाने ग्रीसकडे जाता येईल.

1983 ची गोष्ट. माझा मोठा भाऊ तेव्हा उत्तरेतल्या एका गावात नोकरीला होता. दादा पेटी फार चांगली वाजवायचा. त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर पडू लागले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून कागदावर हिंदीत लिहून दिले की 'स्नायु की दुर्बलता' आहे, आणि मोठ्या शहरात जाऊन दाखवा. दादाने आम्हाला आंतरदेशीय पत्र टाकले: काळजीचे कारण नाही, स्नायूंची दुर्बलता आहे म्हणतात. आता मराठी घरात 'स्नायू' म्हटल्यावर काय डोळ्यांपुढे येते? दंडात फुगतो तो. मग आईने डिंकाचे लाडू धाडले, तेल धाडले. वडिलांनी लिहिले, रोज सकाळी जोर काढ. आणि मी, तत्त्वज्ञानात नुकतीच डॉक्टरेट घेतलेला, 'शब्द आणि अर्थ' या विषयावर वर्गात तासन्‌तास बोलणारा, मी काय लिहिले? 'व्यायाम सोडू नकोस.' आठ महिने गेले. दिवाळीला तो आला तेव्हा त्याला शर्टाचे बटण लावता येत नव्हते. इथे दाखवले तर मानेतली नस दबलेली. शस्त्रक्रिया झाली, हात वाचला, पण ती दोन बोटे पूर्वीसारखी कधीच चालली नाहीत.

त्या हिंदी डॉक्टरांची काहीही चूक नव्हती. हिंदीत, रोजच्या वापरात, 'स्नायु' म्हणजे नर्व्ह. बंगालीतही तेच. मराठीत 'स्नायू' म्हणजे मसल. गुजरातीत आणि कन्नडमध्येही आपल्यासारखेच. एकाच संस्कृत शब्दाने नर्मदेच्या पलीकडे एक अर्थ घेतला आणि अलीकडे दुसरा. आम्ही पत्र मराठीत वाचले, आणि आजार हिंदीत होता.

हे मला पुढे कितीतरी वर्षे टोचत राहिले. म्हणून मी शब्द खणायला लागलो, आणि खणता खणता सापडले ते असे की 'नर्व्ह' आणि 'स्नायू' हे परके नाहीतच. ते सख्खे भाऊ आहेत.

ग्रीक शब्द 'न्यूरॉन', लॅटिन 'नेर्वुस', संस्कृत 'स्नायु' आणि त्याहून जुना वैदिक 'स्नावन्', अवेस्तातला 'स्नावर्'. भाषाशास्त्रज्ञ हे सगळे एका मूळ धातूकडे नेतात. त्या धातूचा अर्थ सूत कातणे, पीळ देणे, शिवणे. लॅटिनमध्ये 'र' आणि 'व' यांनी आपापसांत जागा बदलल्या, इतकेच. सुईला इंग्रजीत 'नीडल' म्हणतात, तीही याच घराण्यातली. इथे एक सावधगिरीची सूचना. इंग्रजीत स्नायुबंधाला 'सिन्यू' म्हणतात. 'स्नायू' आणि 'सिन्यू' कानाला जुळे वाटतात, आणि हौशी लोक लगेच टाळी वाजवतात. पण तो शब्द वेगळ्या धातूचा आहे, 'बांधणे' या अर्थाच्या. कानावर विश्वास ठेवून व्युत्पत्ती करायची नसते.

तर मूळ अर्थ काय? दोरी. शरीरातली दोरी. जनावर मारल्यावर मांस खाल्ले जाते, कातडे कमावले जाते, आणि हाडांना चिकटलेल्या ज्या चिवट पांढऱ्या वाद्या उरतात त्या वाळवून, सोलून, पीळ देऊन माणसाने हजारो वर्षे दोरी म्हणून वापरल्या. इलियडच्या चौथ्या सर्गात पँडरस मेनेलाउसवर बाण सोडतो तो प्रसंग आहे. तिथे धनुष्याची दोरी बैलाच्या 'न्यूरॉन'ची आहे. आणि काही ओळींनंतर जखमी मेनेलाउस बघतो की बाणाचे टोक काडीला ज्याने बांधले आहे ते 'न्यूरॉन' जखमेच्या बाहेरच राहिले आहे, म्हणजे बाण खोल गेलेला नाही. आणि त्याच्या जिवात जीव येतो. एकाच प्रसंगात शब्द दोनदा आला, दोन्ही वेळा दोरी म्हणूनच.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचा अध्याय आहे. धनुष्याची प्रत्यंचा कशाची करावी याची यादी तिथे आहे: मूर्वा, रुई, ताग, बांबू वगैरे, आणि त्या यादीत शेवटी स्नायू. म्हणजे ट्रॉयच्या रणांगणावर आणि मगधाच्या कोठारात तीच वस्तू, त्याच कामाला, त्याच शब्दाने ओळखली जाते.

आणि बृहदारण्यकात याज्ञवल्क्य माणसाची तुलना झाडाशी करतो ती आठवा. केस म्हणजे पाने, त्वचा म्हणजे साल, हाडे म्हणजे आतले लाकूड. त्यात 'स्नाव' म्हणजे सालीखालचा तो चिवट, घट्ट धागेदार पदर. अगदी नेमके निरीक्षण आहे. ज्याने झाडाची साल सोलून दोर वळला आहे त्यालाच हे सुचेल.

सुश्रुताने हे शास्त्रात आणले. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात त्याने मोजदाद दिली आहे: हाडे 300, पेशी 500, सिरा 700, स्नायू 900. त्या 900 पैकी 600 हातापायांत, 230 धडात, 70 मानेपासून वर. त्याने दाखला दिला आहे नावेचा. फळ्या एकमेकींना दोरांनी नीट बांधल्या की नाव माणसांचा भार घेऊन पाण्यात तरते. तसे सांधे स्नायूंनी बांधले आहेत म्हणून माणूस भार पेलतो. आणि पुढे तो म्हणतो की हाड मोडले, पेशी किंवा सिर दुखावली, तर जितके नुकसान होत नाही तितके स्नायू दुखावल्याने होते. यातला 'पेशी' शब्द लक्षात ठेवा. सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजचा मसल. हिंदीने तो अर्थ 'मांसपेशी' म्हणून राखला. मराठीत काय झाले? 'पेशी' आपण सेलला देऊन टाकली. मग मसलची खोली रिकामी, तिथे स्नायू राहायला आला. मग टेंडनला नाव काय द्यायचे, तर 'स्नायुरज्जू'. दोरीची दोरी! वाड्यात एका बिऱ्हाडाने खोली सोडली की बाकीच्यांची सरकासरक होते ना, तसे हे झाले.

लोकांच्या तोंडी मात्र जुने अर्थ टिकून राहतात. पालीत स्नायूचा 'न्हारु' झाला. बौद्ध भिक्षू शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन करतात त्या यादीत तो आहे. प्राकृतातून आपल्याकडे येईपर्यंत त्याचा झाला 'नारू'. हो, तोच नारू! माझ्या वयाच्या लोकांना आठवेल, पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा निघायचा आणि तो तुटू नये म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचे. नंतरच्या वैद्यकग्रंथांत या रोगाचे नाव 'स्नायुक' आहे. 1996 मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला, शब्दही आता जाईल. आणि आपण ज्याला 'नस' म्हणतो, तो शब्दही संस्कृत 'स्नसा' वरून आला, म्हणजे याच कुटुंबातला. 'त्याची नस मला सापडली' म्हणताना आपण त्याला हलवणारी दोरीच पकडलेली असते.

आता इथपर्यंत कोणालाही आजची नर्व्ह माहीत नाही. होमरला नाही, याज्ञवल्क्याला नाही. शरीरात काही पांढऱ्या दोऱ्या हाडे बांधतात आणि तशाच दिसणाऱ्या काही दोऱ्या बांधत काहीच नाहीत, त्या निरोप नेतात, हा फरक डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही चिवट. मग फरक कळला कसा?

ॲरिस्टॉटलला तो कळला नव्हता. त्याच्या मते संवेदनेचे आणि हालचालीचे ठाणे हृदय, आणि न्यूरॉनांचे मूळही हृदयात. प्लेटोची गोष्ट जरा निराळी आहे. त्याच्या 'लॉज' या संवादात एक प्रतिमा आहे: माणूस म्हणजे देवांची कळसूत्री बाहुली, आणि आपल्या आतल्या भावना म्हणजे जणू न्यूरॉन, दोऱ्या, ज्या आपल्याला उलटसुलट ओढतात. त्यात एक दोरी सोन्याची, मऊ, ती विवेकाची. तिच्या मागे जा, म्हणतो. बाहुलीला ग्रीकमध्ये शब्दच होता 'न्यूरोस्पास्टॉन', दोरीने ओढलेली. प्लेटोला शरीरशास्त्रातले काही सांगायचे नव्हते, तो नीतीबद्दल बोलत होता. पण कल्पनेने तो जिथे पोचला तिथे सुरीला पोचायला आणखी काही दशके लागली.

ती सुरी चालली अलेक्झांड्रियात, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस हे ते दोघे. टॉलेमी राजांच्या आश्रयाने त्यांना माणसाची प्रेते उघडून बघण्याची मुभा मिळाली. ग्रीक जगात ती आधी नव्हती आणि नंतरही फार काळ टिकली नाही. रोमन लेखक सेल्सस तर सांगतो की तुरुंगातले जिवंत गुन्हेगारही त्यांना दिले गेले. हे ऐकून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. या विषयावर बोलताना ही गोष्ट गाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. तर त्यांना दिसले की काही दोऱ्या मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून निघतात. काहींनी संवेदना येते, काहींनी हालचाल होते.

इतका मोठा शोध! पण नवा शब्द? नाही काढला. हेरोफिलसचे म्हणणे इफेससच्या रूफसने नोंदवून ठेवले आहे, ते वाचताना मौज वाटते: काही न्यूरॉन मेंदू आणि कण्यातून निघतात, काही हाडापासून हाडाकडे जातात, काही मांसाकडे, काही सांधे बांधतात. तिन्ही-चारही गोष्टींना न्यूरॉनच. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुले विचारायची, शब्द नसला तर वस्तू दिसते का? मी हे उदाहरण द्यायचो. दिसते. हेरोफिलसला दिसली. पण शब्द नसला की ती दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि हाताखालचा वैद्य पुन्हा गोंधळ घालायला मोकळा राहतो. तो गोंधळ चारशे वर्षे चालला.

तो निस्तरला गेलनने. जन्म पर्गॅमममध्ये, इसवीसन 129. तरुणपणी ग्लॅडिएटरांचा वैद्य, म्हणजे उघड्या जखमा रोजच्या. त्याने काटेकोरपणे तीन वेगळे शब्द वापरले: हाडाला हाड जोडणारा बंध निराळा, मांसाच्या टोकाची वादी निराळी, आणि मेंदू-कण्यातून निघते तीच फक्त न्यूरॉन. रोममध्ये भरलेल्या सभेपुढे त्याने जिवंत डुकराच्या गळ्यातल्या बारीक नर्व्हा दोऱ्याने आवळून दाखवल्या. ओरडणारे डुक्कर एकदम गप्प. दोरा सोडला, पुन्हा ओरडायला लागले. आवाज हृदयातून येतो म्हणणारी मंडळी समोरच बसली होती.

पण गेलनची मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट निराळी आहे. सीरियातून आलेला पॉसॅनियस नावाचा एक सोफिस्ट, म्हणजे आमच्याच धंद्यातला, बोलून पोट भरणारा. त्याच्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची आणि मधल्या बोटाच्या अर्ध्या भागाची संवेदना गेली. वैद्य त्याच्या बोटांना लेप लावत होते. गुण येईना. गेलनने त्याला विचारले, अलीकडे कुठे पडला-आपटला होतास का? तर हो, रथातून पडला होता, मानेच्या खाली पाठीला मार बसला होता, पण तो बरा झाला म्हणून कोणाला सांगितले नव्हते. गेलनने बोटांचे लेप काढायला लावले आणि तेच औषध कण्यावर लावले. आणि तो बरा झाला. लोकांना आश्चर्य वाटले, बोटे बरी करायला औषध पाठीला?

हे मी प्रथम वाचले तेव्हा दादाच्या शस्त्रक्रियेला काही वर्षे झाली होती. पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या शतकात जे रोममध्ये एकाला कळले होते, ते विसाव्या शतकात माझ्या घरात कोणाला कळले नाही, आणि बोटांना तेल लावले गेले.

ग्रीक वैद्यक अरबीत गेले तेव्हा नर्व्हला शब्द मिळाला 'असब'. पुन्हा 'बांधणे' हाच धातू. इब्न खल्दून ज्या 'असबिय्या'बद्दल लिहितो, टोळीला एकत्र बांधणारी आपलेपणाची जाणीव, तीही याच धातूची. उर्दूत आजही नर्व्हांना 'आसाब' म्हणतात. डच भाषेतला 'झेनू' हा शब्द मुळात स्नायुबंधाचा, तोही सरकत नर्व्हवर गेला. या सगळ्यांनी जुन्या दोरीवर नवा अर्थ लटकवला. अपवाद जपानचा. 1774 मध्ये सुगिता गेनपाकू आणि त्याच्या सोबत्यांनी एक डच शरीररचनेचे पुस्तक जपानीत आणले. तिथे त्यांच्याकडे नर्व्हला शब्दच नव्हता. त्यांनी नवा घडवला, 'शिंकेई'. चैतन्य आणि वाहिनी या दोन कल्पना जोडून. चीननेही पुढे तोच घेतला. अनुवादकाने अडून न बसता शब्द घडवावा आणि अर्ध्या आशियाने तो वापरावा, याचा मला हेवा वाटतो.

आता युरोपात परत येऊ, कारण सुरुवातीचे कोडे अजून सुटलेले नाही. इंग्रजीत 'नर्व्ह' आला तो लॅटिनचा जुना अर्थ घेऊन. शेक्सपिअरचा हॅम्लेट सिंहाच्या नर्व्हचा दाखला देतो तेव्हा त्याला सिंहाच्या बळकट वाद्या म्हणायच्या आहेत. आणि 'नर्व्हस' म्हणजे? वाद्यांनी भरलेला, पिळदार, दणकट. हो! त्या काळी एखाद्याच्या लेखनाला नर्व्हस म्हणणे ही शाबासकी होती. आपण म्हणतो ना, भाषा ठसकेबाज आहे, तसे.

मग 1664 हे वर्ष येते. त्या एकाच वर्षी दोन पुस्तके छापली गेली. पॅरिसमध्ये देकार्तचे माणसावरचे पुस्तक फ्रेंचमध्ये आले, त्याच्या मृत्यूनंतर 14 वर्षांनी. लंडनमध्ये थॉमस विलिसचे मेंदूच्या रचनेवरचे. त्यातल्या आकृत्या काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, तोच ज्याने पुढे सेंट पॉल कॅथीड्रल बांधले. देकार्तच्या मते नर्व्ह म्हणजे पोकळ नळी. आत एक बारीक दोरा, आणि भोवती वाऱ्यासारखा सूक्ष्म द्रव. पाय विस्तवाजवळ गेला की दोरा ओढला जातो आणि मेंदूत झडप उघडते, जसे एका टोकाला दोर ओढला की दुसऱ्या टोकाला घंटा वाजावी. माणूस म्हणजे राजाच्या बागेतले पाण्यावर चालणारे यंत्र! शरीर आणि मन यांना ज्याने इतके काटेकोर वेगळे केले, त्यालासुद्धा त्यांच्यामध्ये शेवटी एक दोरीच लागली. आम्ही त्याचे द्वैत वर्षानुवर्षे शिकवले, पण ही घंटेची दोरी परीक्षेला कधी विचारली नाही. विचारायला हवी होती.

विलिसने या अभ्यासाला नाव दिले 'न्यूरोलॉजी'. आणि मग सगळे आजार नर्व्हांत शोधायची लाट आली. जॉर्ज चेन नावाचा स्कॉटिश डॉक्टर बाथ या गावी दवाखाना चालवायचा. स्वतःचे वजन एके काळी 200 किलोच्या वर गेलेले. 1733 मध्ये त्याने 'इंग्लिश मॅलडी' हे पुस्तक लिहिले. म्हणणे असे की उदासी, धडधड, अपचन हे सगळे नर्व्ह ढिल्या पडल्याने होते, आणि ते होते खात्यापित्या, हुशार, नाजूक मनाच्या लोकांना. बघा केवढी सोय झाली! आजार आहे, पण खानदानी आहे. मग काय, ज्याला त्याला नर्व्हा. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात 'नर्व्हस'चा पहिला अर्थ बळकट असाच दिला आहे. आणि शेवटी, वैद्य लोकांची बोली म्हणून नाक मुरडत, दुबळ्या नर्व्हांचा असा दुसरा अर्थ. एकाच नोंदीत दोन्ही, एकमेकांकडे पाठ करून उभे. 1769 मध्ये एडिंबरोच्या विल्यम कलनने 'न्यूरोसिस' शब्द आणला. 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मिसेस बेनेट आपल्या बिचाऱ्या नर्व्हांचे सारखे सांगतात, आणि नवरा त्यांची थट्टा करतो. तोवर बळकटपणाचा अर्थ मागे पडत चालला होता.

म्हणजे कोडे सुटले. धैर्याचा 'नर्व्ह' हा धनुष्याच्या दोरीचा: ताणली तरी न तुटणारी. भीतीचा 'नर्व्हस' हा चेनच्या दवाखान्यातला: ढिली पडलेली. शब्दाच्या आयुष्यातले दोन वेगळे काळ इंग्रजी बोलणारा माणूस एकाच श्वासात बोलतो.

आपल्याकडे या शब्दाची गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकात, आणि अडचण अशी की आपल्याकडे उमेदवार फार होते. स्नायू, सिरा, धमनी, नाडी. योगातल्या नाडीला नर्व्ह ठरवायचा मोह तर आजही सुटत नाही. 1927 मध्ये मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहून कुंडलिनी म्हणजे 'व्हेगस नर्व्ह' असे मांडले. त्याला प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रॉफ तंत्रशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांनी प्रस्तावनेतच, सौजन्याने पण स्पष्टपणे, हे पटत नसल्याचे लिहिले. मला वुड्रॉफ यांचे बरोबर वाटते. नाडी ही योग्याने अनुभवलेली वाट आहे, ती प्रेत उघडून सापडायची नाही, आणि सापडली नाही म्हणून ती खोटीही ठरत नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. शब्दाला शब्द चिकटवला की ज्ञान वाढले असे आपल्याला फार लवकर वाटते.

मराठीने शेवटी 'मज्जातंतू' हा शब्द पत्करला. मज्जा म्हणजे हाडातला मगज, तंतू म्हणजे दोरा. ग्रीकांकडेही 'म्युएलोस' हा एकच शब्द हाडातल्या मगजालाही होता आणि पाठीच्या कण्यातल्या दोरखंडालाही. तीच जुनी समजूत आपल्या शब्दातही आहे. शाळेच्या पुस्तकात आता 'चेता' आणि 'चेतासंस्था' असते. हिंदीच्या शास्त्रीय पुस्तकांत 'तंत्रिका' असते, म्हणजे वीणेची तार. आणि गंमत म्हणजे त्याच पुस्तकांत 'स्नायु' हा हाडाला हाड जोडणाऱ्या बंधाला वापरतात, अगदी सुश्रुताच्या नावेसारखा. म्हणजे हिंदीत वर्गात एक स्नायू आणि बाजारात दुसरा. मराठीत तिसराच.

1791 मध्ये बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायाला विजेने झटका आणून देकार्तच्या नळ्या आणि वारे निकालात काढले. त्यानंतर बरोबर 100 वर्षांनी, 1891 मध्ये, जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर याने नर्व्हच्या एका सुट्या पेशीला नाव दिले 'न्यूरॉन'. होमरचा शब्द तसाच उचलला. पण आता तो दोरीचा राहिला नव्हता, दोरी ज्यांची बनते त्या सूक्ष्म घटकाचा झाला होता. आणि मराठीत आपण त्याला म्हणतो 'चेतापेशी'. सुश्रुताला आज हा शब्द वाचायला दिला तर त्याला वाटेल, चैतन्य असलेला मांसाचा गोळा!

दादाची नात आता नागपूरला फिजिओथेरपी करते. तिच्याकडे निम्मे पेशंट हिंदी बोलणारे, निम्मे मराठी. तिला मी ही सगळी हकिगत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मी कोणालाच स्नायू म्हणत नाही. मराठीवाल्यांनाही नाही आणि हिंदीवाल्यांनाही नाही." मग करतेस काय, विचारले. तिने माझ्या मानेवर मागे एक बोट टेकवले, आणि तिथून खांद्यावरून, कोपराच्या आतल्या बाजूने, मनगटावरून थेट करंगळीच्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. म्हणाली, "ही दोरी. इथे अडकलीय, म्हणून तिथे मुंग्या येतात."

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.